काउंटरपाशी अडलेलं ज्ञान

अंधेरी स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडलं की औषधांची दुकानं मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. त्यांतल्या एका दुकानात मी गेली पंचवीस वर्षं जाते आहे. आधी सासूबाईंच्या दम्यासाठी, मग ह्यांच्या रक्तदाबासाठी आणि आता स्वतःच्या गुडघ्यांसाठी, अशी माझी यथाक्रम बढती होत गेली. दुकानाचे मालक कच्छी आहेत, पण मराठी आपल्यासारखंच बोलतात. गिऱ्हाईक पायरी चढतंय तोवर त्याला काय हवंय हे त्यांना कळलेलं असतं.

‘‘कॉलेजचा मुलगा आला ना ताई, की पहिल्यांदा खोकल्याच्या गोळ्या मागतो,’’ ते एकदा म्हणाले. ‘‘मग क्रोसिन. मग चिकटपट्टी. मग उगाच वजनाच्या काट्यावर उभा राहतो. तुमच्यासारखं कोणी काउंटरवर असलं तर तेवढंच घेऊन जातो. नसलं तर मान खाली घालून कंडोम मागतो आणि सुटे पैसे न घेताच पळतो.’’

‘‘आणि मुली?’’

‘‘मुली कंडोम मागत नाहीत. इतक्या वर्षांत मागणाऱ्या बोटावर मोजण्याइतक्या. त्या मोबाइलवर गोळीचं नाव लिहून आणतात आणि स्क्रीन समोर धरतात. तोंडानं नाव घेत नाहीत.’’

गोळी म्हणजे ती बहात्तर तासांची. २००५ साली ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू लागली आणि २००७ साली ‘आय-पिल’च्या जाहिरातींनी घरोघरच्या टीव्हीवर प्रवेश केला. ताकाला जाऊन भांडं लपवणं ही आपली जुनीच रीत, पण इथे ती जरा महागात पडते. मुलगा भांडं लपवता लपवता ताक न घेताच परततो आणि तीन दिवसांच्या आत मुलगी धावत येते. ही गोळी गर्भधारणेची शक्यता बरीच कमी करते, जितकी लवकर घ्यावी तितकी अधिक. रोगापासून मात्र ती काडीचंही संरक्षण देत नाही. हा दुसरा भाग मुलींपैकी किती जणींना ठाऊक असतो, असं मी दुकानदारांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘ताई, त्या उभ्याच राहत नाहीत, सांगू कधी?’’

एका दुकानदाराची साक्ष म्हणजे संशोधन नव्हे. पण या विषयावर मुंबईत खरंखुरं संशोधनही झालेलं आहे आणि त्याला आता पंचवीस वर्षं उलटून गेली. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या लीना अब्राहम आणि त्यांचे सहकारी के. अनिल कुमार यांनी मुंबईतल्या कमी उत्पन्न गटातल्या ९६६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार मुलांपैकी ४७ टक्के आणि मुलींपैकी १३ टक्के जणांना भिन्नलिंगी व्यक्तीशी कसला ना कसला शारीरिक अनुभव होता. प्रत्यक्ष शरीरसंबंध आलेल्यांचं प्रमाण मुलांत २६ आणि मुलींत ३ टक्के होतं. म्हणजे आपण ज्या काळाला आज ‘तेव्हा असं नव्हतं हो’ म्हणतो, त्याच काळातली ही आकडेवारी. दूरदर्शन नुकतंच मागे पडलेलं, मोबाइल श्रीमंतांच्या हातात, इंटरनेट सायबर कॅफेत, आणि तरीही दर चार मुलांमागे एक. मुलींचा आकडा खरा किती आणि सांगितलेला किती, हा प्रश्न आहेच. आपल्याकडे मुलीनं खरं सांगण्याची किंमत मुलापेक्षा फार जास्त असते.

त्या आकड्यांपेक्षाही मला महत्त्वाचं वाटतं ते लीनाबाईंनी २००२ साली मांडलेलं वर्गीकरण. विद्यार्थ्यांशी बोलताना त्यांना मैत्रीचे तीन प्रकार सापडले आणि नावंही पोरांचीच: ‘भाई-बहेन’, ‘ट्रू लव्ह’ आणि ‘टाइमपास’. भाई-बहेन म्हणजे निर्मळ ओळख, घरी सांगण्याजोगी. टाइमपास म्हणजे चार दिवसांचं, शरीरापुरतं. आणि ट्रू लव्ह म्हणजे लग्नाच्या इराद्यानं केलेलं खरं प्रेम. टाइमपासला मुलगी तयार होत नाही असं नाही, पण तिची बदनामी तिथे ठरलेली. खऱ्या प्रेमात मात्र तिला वाटतं, आज ना उद्या लग्न होणारच आहे.

आता यात धोका कुठे? आपण सगळे झटकन टाइमपासकडे बोट दाखवू. मला मात्र वाटतं की सावधगिरीच्या दृष्टीनं जास्त नाजूक जागा आहे ती खऱ्या प्रेमाची. टाइमपासमध्ये दोघांनाही एकमेकांचा भरवसा नसतो, म्हणून खिशात पाकीट असण्याची शक्यता तरी असते. खऱ्या प्रेमात पाकीट काढणं हाच अपमान ठरतो.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. काही वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका कॉलेजच्या मराठी वाङ्मय मंडळानं मला माझ्या कादंबरीवर बोलायला बोलावलं होतं. त्या कादंबरीत लग्नाआधी दिवस गेलेली एक मुलगी आहे. भाषण झाल्यावर प्रश्नोत्तरं, पण हात कोणी वर करेना. तेव्हा मी म्हटलं, नाव न घालता चिठ्ठ्या द्या. चौतीस चिठ्ठ्या आल्या. कादंबरीच्या शिल्पाबद्दल त्यांत नऊ होत्या. (एकानं पुस्तक परीक्षेला आहे का, असं विचारलं होतं.) उरलेल्या पंचवीस चिठ्ठ्यांत कादंबरीचं नावही नव्हतं. एड्स म्हणजे काय, हे कोणीही विचारलं नव्हतं; ते सगळ्यांना ठाऊक होतं. कंडोम म्हणजे काय, हेही नाही. प्रश्न होते ते पुढचे. पाळीच्या आसपासचे दिवस सुरक्षित असतात का? मुलानं वेळेवर आवरलं तर चालतं का? गोळी महिन्यातून किती वेळा घेता येते? आणि एका चिठ्ठीत, रेघ मारलेल्या वहीच्या पानावर, सुवाच्य अक्षरात: ‘तो म्हणतो, माझ्यावर विश्वास नाही का? मग काय बोलायचं?’

सूत्रसंचालन करणारे सर घड्याळाकडे बघू लागले होते. पण ही चिठ्ठी बाजूला ठेवणं मला शक्य नव्हतं. मी त्यांना बँकेतली गोष्ट सांगितली.

आमच्या वेळी खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागत असे. पुढे २००२ नंतर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार फोटो, पत्ता, ओळखपत्र हे सगळं आलं. दर महिन्याला एखादा तरी प्रतिष्ठित गृहस्थ काउंटरवर भडकायचा: ‘‘मॅडम, मला ओळखत नाही? माझ्यावर विश्वास नाही?’’ त्यावर आमचं उत्तर ठरलेलं होतं. साहेब, विश्वास आहे म्हणूनच खातं उघडतोय, नाहीतर दारातूनच परत पाठवलं असतं. फॉर्म मात्र सगळ्यांनाच भरावा लागतो, आमच्या मॅनेजरसाहेबांच्या वडिलांनाही. आणि खरोखर, फॉर्म सगळ्यांना आहे हे कळलं की माणूस शांत होई. अपमान कागद मागण्यात नसतो, तो एकट्याकडेच मागण्यात असतो. सगळ्यांचाच नियम असेल तर त्यात संशय कुठला?

मुलं हसली. मागच्या बाकावरच्या काही मुली हसल्या नाहीत, त्या लिहून घेत होत्या.

विश्वासानं रोग अडत नाही, याचा पुरावा शोधायला आपल्याला परदेशात जावं लागत नाही. तो पुण्यात आहे आणि तोही कॉलेजातल्या मुलींचा नाही, सौभाग्यवतींचा. नव्वदच्या दशकात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांची तपासणी झाली. त्यांतल्या वेश्याव्यवसायाशी काहीही संबंध नसलेल्या ५२५ स्त्रियांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा शोधनिबंध १९९७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला आणि त्याचं शीर्षकच एकनिष्ठ विवाहित स्त्रियांमधल्या प्रसाराबद्दल होतं. या बायकांचा आयुष्यात संबंध आला होता तो बहुतांशी फक्त नवऱ्याशी. त्यांचं पातिव्रत्य निर्विवाद होतं. त्याचा विषाणूवर काही परिणाम झाला नाही.

हे सगळं आपल्याला कोणी वेळेवर सांगितलं नाही, असं मात्र म्हणता येत नाही. महाराष्ट्राला तरी नाहीच नाही. विल्सन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्यापायी नोकरी गमावली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. ‘गुप्तरोगांपासून बचाव’ या नावाचं त्यांचं पुस्तकच आहे. आज ज्याला आपण सुरक्षित संबंध म्हणतो, तोच विषय, तोही शंभरेक वर्षांपूर्वी, मराठीत. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं, आणि तरीही दंड झालाच. अंकात वाचकांच्या पत्रांना ते उत्तरं देत, कसलाही आडपडदा न ठेवता. मला चिठ्ठ्या वाचताना सारखी त्यांची आठवण येत होती. गणिताचा माणूस, प्रश्न आला की उत्तर द्यायचं, विचारणाऱ्याचं चारित्र्य तपासायचं नाही.

मग सरकार आलं. १९६८ साली ‘निरोध’ बाजारात आला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. पंधरा पैशांना तीन. ब्रुक बाँड, लिप्टन, हिंदुस्थान लिव्हर अशा कंपन्यांच्या गाड्यांतून चहा-साबणाबरोबर तो किराणा दुकानात आणि पानाच्या गादीवर पोहोचत होता. भिंतीवर लाल त्रिकोण आणि ‘निरोध’ ही तीन अक्षरं. आम्हा मुलांना नुकतंच वाचता येऊ लागलेलं, त्यामुळे दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचायची सवय. ही पाटी वाचली की घरातली मोठी माणसं एकदम खिडकीबाहेर बघू लागत. पुढे हायस्कुलात संस्कृतच्या बाईंनी पतंजलीच्या योगसूत्रांच्या संदर्भात तोच शब्द फळ्यावर लिहिला आणि सगळा वर्ग खाली मान घालून हसू दाबत राहिला. बाईही गोऱ्यामोऱ्या झाल्या. शब्द असा बाद झाला की तो चांगल्या अर्थानंही वापरता येईना.

१९८६ नंतर एड्स आला आणि शब्दाऐवजी भीती आली. २००२ च्या अखेरीस मुंबईत बलबीर पाशा अवतरला होता. त्याला एड्स होणार का, असा प्रश्न विचारणारे फलक स्टेशनांवर, बसवर, लोकलच्या डब्यात सगळीकडे होते. हा बलबीर कोण याची चर्चा आमच्या नऊ-बावीसच्या लेडीज डब्यातही चाले. गंमत अशी की त्यातल्या बायका त्या निमित्तानं खरोखर बोलू लागल्या होत्या. भीतीच्या प्रचाराची मर्यादा पुढे कळली. २००४ पासून सरकारी केंद्रांवर एचआयव्हीची औषधं मोफत मिळू लागली, माणसं जगू लागली, नोकरी करू लागली. ही केवढी तरी चांगली गोष्ट. पण फलक उतरले आणि त्यांच्याबरोबर सावधगिरीही उतरली. शिवाय भीतीनं एकच नाव शिकवलं होतं, एड्स. गर्मी, परमा, क्लॅमिडिया, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत होणारा एचपीव्ही, यांची नावंही मुलांना माहीत नाहीत. यांतले कित्येक आजार बाईच्या शरीरात वर्षानुवर्षं लक्षणाविना राहतात आणि कळतात ते मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्यावर.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, नुसतं एड्सचं नाव ऐकलेले नव्हेत, तर त्याबद्दल पुरेशी व योग्य माहिती असलेले देशात किती, याचा हिशेब आहे. स्त्रियांमध्ये सुमारे २२ टक्के, पुरुषांमध्ये सुमारे ३१. पस्तीस वर्षांच्या प्रचारानंतर.

मधल्या काळात शाळेत हा विषय शिकवण्याचा प्रयत्न झाला होता. २००७ मध्ये महाराष्ट्रात आमदारांनी त्याविरुद्ध गदारोळ केला आणि राज्य सरकारनं तो कार्यक्रम थांबवला. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनंही शाळांतून लैंगिक शिक्षण नको, असाच अहवाल दिला. चित्रं फार उघडी होती, असा आक्षेप होता. असतील. चित्रं बदलता आली असती. आता मुलं जी चित्रं बघतात ती कुठल्याही समितीपुढे येत नाहीत आणि त्यांत कोणीही पाकीट फोडताना दिसत नाही.

घरी तर बोलायचं नाहीच. मग मुलं कुठे जातात? वर्सोव्याच्या धक्क्यावरून तरीत बसलं की पाच-दहा मिनिटांत मढ. ऑगस्ट २०१५ मध्ये त्या मढ-अक्सा भागातल्या लॉजवर पोलिसांनी छापे घातले आणि चाळीसच्या आसपास जोडप्यांना बाहेर काढलं. सज्ञान माणसं, बंद खोलीत, आपल्या मर्जीनं आलेली. त्यांच्यावर सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाचं कलम लावलं, बाराशे रुपये दंड घेतला, काहींच्या आईवडिलांना फोन गेले. बोभाटा झाल्यावर पोलीस आयुक्तांनी चौकशी लावली. त्या प्रकरणाची नैतिक बाजू ज्यानं त्यानं आपापली ठरवावी. मला दिसते ती व्यावहारिक बाजू. जे काम दार केव्हा ठोठावलं जाईल या धास्तीत होतं, ते नीट, सावकाश, विचारपूर्वक होत नाही. तासाच्या हिशेबानं घेतलेल्या खोलीत संरक्षणाची चर्चा पहिली वगळली जाते.

आता काही जण म्हणतील, बाई, तुम्ही हे सगळं सोपं करून देताय. लग्नाआधी नको, एवढं सांगितलं की पुरे. ज्यांना तसं सांगायचं आहे त्यांनी जरूर सांगावं, थांबणं हा उत्तम मार्ग आहे आणि चिठ्ठ्यांपैकी दोन तर ‘नको म्हणायचं असेल तर कसं म्हणायचं’ अशाच होत्या. पण नको म्हणायला शिकवायचं तरी विषय काढावा लागतो. जो घरात निघतच नाही, त्याबद्दल नकार कसा शिकवणार?

कायद्यानं आपल्यापेक्षा बरी वाट धरली आहे. गर्भपाताचा १९७१ चा कायदा साधनं निकामी ठरल्याचं कारण फक्त विवाहितेला देऊ करत होता. २०२१ च्या दुरुस्तीनं तिथे ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अविवाहितेला वेगळी वागणूक देता येणार नाही, असं स्पष्ट केलं. तरीही उपनगरातल्या मुली अजून गळ्यात खोटं मंगळसूत्र घालून दवाखान्यात जातात, हे स्त्रीरोगतज्ज्ञ असलेली माझी मैत्रीण सांगते. तिची खरी पंचाईत होते ती अकरावी-बारावीच्या मुलींच्या बाबतीत. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठराच्या आतला संबंध संमतीचा असला तरी गुन्हा, आणि डॉक्टरनं कळवणं बंधनकारक. कायदा लहानग्यांच्या रक्षणासाठी झाला, ते योग्यच. पण सतरा वर्षांची मुलगी आणि अठराचा मुलगा त्यात सापडले, की मुलगी डॉक्टरकडे न जाता कुठल्या तरी गल्लीत गोळ्या शोधते.

डॉ. महिंदर वत्स यांनी वयाच्या ऐंशीच्या आसपास मुंबईतल्या एका इंग्रजी दैनिकात अशा प्रश्नांना उत्तरं द्यायला सुरुवात केली आणि २०२० मध्ये शहाण्णवाव्या वर्षी जाईपर्यंत ते लिहीत होते. मिस्कील, थोडक्यात, कोणालाही न ओरडता. आमच्या बँकेत ते सदर जेवणाच्या सुट्टीत आधी वाचलं जाई आणि मग अग्रलेखाचं पान वर ठेवून वर्तमानपत्राची घडी घातली जाई. आजोबांच्या वयाचा माणूस बोलतोय म्हटल्यावर लोकांना ते पचत असे, असं मला वाटतं. आपल्या घरोघरी आजी-आजोबा आहेत. त्यांच्याकडे वेळ आहे, नातवंडांचा त्यांच्यावर लोभ आहे, आणि आईबापांसारखा त्यांच्या हातात निकाल नसतो.

त्या दिवशी वेळ संपली म्हणून दोन चिठ्ठ्यांना उत्तरं द्यायची राहिली. नावं नसल्यामुळे ती पाठवताही आली नाहीत. इथे देते, रविवारी घरात पेपर पडलेला असतोच.

पहिली: ‘दोन कंडोम एकावर एक वापरले तर जास्त सेफ का?’ नाही. घासून फाटण्याची शक्यता उलट वाढते. एकच, पाकिटावरची तारीख बघून, दरवेळी नवा आणि सुरुवातीपासून. पाकीट पँटच्या मागच्या खिशात महिनोन्‌महिने ठेवायचं नाही, उष्णतेनं रबर खराब होतं. तेल किंवा व्हॅसलीन लावायचं नाही, त्यानंही ते फाटतं. वर्षभर काटेकोर वापर केला तर शंभर जोडप्यांपैकी सुमारे दोघांकडे दिवस जातात, ढिसाळ वापरात सुमारे तेरा. फरक वस्तूचा नाही, वापरणाऱ्याचा आहे.

दुसरी, हिरव्या शाईतली: ‘टेस्ट कुठे करतात? घरी कळेल का?’ महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत एचआयव्हीच्या तपासणी आणि समुपदेशनाचं केंद्र असतं. तिथे पैसे लागत नाहीत. अठरा पूर्ण असतील तर तुमची स्वतःची संमती पुरते, आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुमच्या परवानगीवाचून निकाल कोणाला सांगता येत नाही, घरीही नाही. संबंधानंतर लगेच केलेल्या तपासणीवर भरवसा ठेवू नका, तीन महिन्यांनी पुन्हा करा. इतर गुप्तरोगांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ आहे, तेही विचारून घ्या. कुठे जायचं कळत नसेल तर १०९७ हा क्रमांक फिरवा. फोन फुकट आहे आणि मराठीत बोललात तरी चालतं.